आणीबाणीची सॅक : कशी निवडाल?

मंडळी, "आधी शिदोरी, मग जेजुरी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. निघायचं तर आधी खाण्यापिण्याची सोय बघा, देवदर्शन मागाहून. पण समजा, मध्यरात्री कुणी दार वाजवून "दहा मिनिटांत घर सोडा" असं सांगितलं, तर ही शिदोरी घेणार कशात, आणि उचलणार कोण? आजचा लेख त्याबद्दल आहे.

"आपल्याकडे कुठे असलं काही होतंय!" असं म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच गावची गोष्ट सांगतो. १० नोव्हेंबर १९७९, शनिवार. मध्यरात्रीच्या थोडं आधी मिसिसागात मेव्हिस रोडजवळ एक मालगाडी रुळावरून घसरली. कारण काय, तर एका डब्याच्या आसाचं बेअरिंग तापून निकामी झालं होतं. प्रोपेनचे टँकर फुटले आणि क्लोरीनच्या टँकरमधून विषारी वायू गळायला लागला. पुढच्या चोवीस तासांत दोन लाखांहून जास्त लोकांना घराबाहेर काढावं लागलं, त्यात हॉस्पिटलमधले पेशंटही आले. महापौर हेझल मॅकॅलियन पाय मुरगळलेला असताना लंगडत सगळीकडे फिरत होत्या. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही, पण काही जणांना घरी परतायला पाच-सहा दिवस लागले. आज त्याच रस्त्यांवरून आपण ग्रोसरी आणायला जातो!

त्यानंतरची उदाहरणं तर ताजीच आहेत. ३ मे २०१६ ला वणव्यामुळे फोर्ट मॅकमरीतून सुमारे ८८,००० लोक बाहेर पडले. दक्षिणेला जायला रस्ता एकच, हायवे ६३. ऑगस्ट २०२३ मध्ये यलोनाइफचं अख्खं गाव, म्हणजे सुमारे २०,००० माणसं, रिकामं केलं. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर सोडून निघालेल्यांत स्थानिकांबरोबर सुट्टीवर आलेले हजारो पर्यटकही होते. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. म्हणजे आग, पूर, वायुगळती, काहीही असो, आणि आपण घरी असू नाहीतर सहलीला, वेळ कुणावरही येऊ शकते.

कॅनडा सरकार सांगतं की, किमान ७२ तास स्वतःच्या जिवावर निभावता येईल एवढं सामान प्रत्येक घरात तयार ठेवा, आणि ते बॅकपॅक, डफल बॅग किंवा चाकांच्या सुटकेसमध्ये भरून दाराजवळ ठेवा. सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण ज्यात ते भरायचं त्या सॅकचा विचार फारसं कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

आमची फजिती

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आई-बाबा पुण्याहून आले होते. आम्ही तेव्हा अकराव्या मजल्यावर राहायचो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे बॅकअप हा आमचा कुळधर्म! यादी छापून, एकेका वस्तूवर खूण करून मी माझी जुनी ट्रेकिंगची ६५ लिटरची सॅक गच्च भरली होती. सगळ्या घराचं सामान एका सॅकमध्ये, म्हणजे शोधाशोध नको. वजन भरलं १९ किलो. मी मोठ्या अभिमानाने ती बायकोला दाखवली. ती एवढंच म्हणाली, "आणि तू घरी नसशील तेव्हा ही कोण उचलणार?" मी ते हसण्यावारी नेलं.

रात्री दोन वाजता फायर अलार्म वाजला. लिफ्ट बंद. जिन्यात धुराचा वास. बायकोने पेंगुळलेल्या लेकीला उचललं, आईने पर्स घेतली आणि मी सॅक चढवली. बाबांचे गुडघे दुखरे, त्यातून त्यांना दमा. नवव्या मजल्यापर्यंत ते कठड्याला धरून उतरले, पण पुढे त्यांना हात देणं भाग पडलं. पाठीवर १९ किलो, मागून उतरणारी माणसं आणि हातात बाबा, हे गणित काही जमेना. शेवटी सातव्या मजल्यावर सॅक कोपऱ्यात ठेवली आणि बाबांना घेऊन खाली आलो.

बाहेर उणे अठरा. त्या गार हवेत बाबांना धाप लागली. आई म्हणाली, "अरे, यांचा पंप कुठे आहे?" पंप सॅकमध्ये होता, तोही पार तळाला! सॅक सातव्या मजल्यावर आणि अग्निशमन दल कुणाला आत सोडेना. पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. अॅम्ब्युलन्समधल्या मंडळींनी बाबांना औषध दिलं आणि त्यांचा श्वास ताळ्यावर आला. आग तशी किरकोळच निघाली. दोन तासांनी आम्ही घरी परतलो. सॅक होती तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना बाबांनी पानशेतची आठवण काढली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते, घर नारायण पेठेत. आजीने धोतरात चार वस्तू बांधून गाठोडं पाठीला टाकलं, आत्याला काखेत घेतलं आणि बाबांचा हात धरून ती निघाली. बाबा म्हणाले, "अरे, तिने सामान बघून गाठोडं नाही बांधलं. दोन पोरं धरून आपल्याला किती पेलेल ते बघितलं." मला पटलं. मी सामानाच्या मापाची सॅक घेतली होती. ती घ्यायला हवी होती माणसाच्या मापाची.

आधी वजन, मग लिटर

आता थोडं गणित, इंजिनिअरला त्याशिवाय चैन पडत नाही. सरावातला धडधाकट ट्रेकर आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं घेतो. आपल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांनी पंधरा टक्क्यांवर थांबावं. वयस्कर मंडळी आणि मुलं यांना दहा टक्के पुरे. म्हणजे माझं वजन ७५ किलो, तर मला साधारण ११ किलो. आईचं ५५, तर तिला साडेपाच. लेकीचं २२, तर तिला दोन किलो. यात रिकाम्या सॅकचं वजनही धरायचं, ते एक-दीड किलो सहज असतं.

इथेच पाण्याची अडचण येते. पिण्यासाठी माणशी रोज दोन लिटर, म्हणजे तीन दिवसांचे सहा लिटर, म्हणजेच सहा किलो. आईचा सगळा वाटा पाण्यातच संपला! म्हणून पाठीवर माणशी एक-दोन लिटरच ठेवा. बाकीचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये दाराजवळ ठेवा. गाडीपर्यंत पोचलात तर ते गाडीत टाका, नाही पोचलात तर सोडून द्या. हिवाळ्यात मात्र ते गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका, गोठून बाटल्या फुटतात.

या हिशेबाने मोठ्या माणसाला २५ ते ३५ लिटरची सॅक पुरते. आई-बाबांना १५ ते २०. मुलांना शाळेच्या दप्तराएवढी. याहून मोठी घेतलीत की ती भरली जातेच, रिकामी जागा आपल्याला बघवत नाही ना!

पाठीला बसते का?

सॅकचं ओझं खांद्यांवर नव्हे, कमरेच्या हाडांवर यायला हवं. त्यासाठी कमरपट्टा रुंद आणि थोडा जाड हवा. नुसती नाड्यासारखी पट्टी असेल तर तिचा उपयोग सॅक हलू नये एवढाच. उंच माणसाला मोठी सॅक लागते असंही नाही, बघायची ती पाठीची लांबी. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. मोठ्या सॅक या मापानुसार वेगवेगळ्या आकारांत मिळतात. छातीवरचा छोटा पट्टाही असू द्या, त्याने खांद्याचे पट्टे घसरत नाहीत.

आणि एक खास इथली सूचना: दुकानात जाताना हिवाळ्याचं जाड जॅकेट बरोबर न्या. टी-शर्टवर छान बसणारी सॅक जॅकेटवर चढतच नाही, छातीचा पट्टा तर पोचतही नाही. हातमोजे घालून बकल लावून बघा. उणे अठरामध्ये ते काढायची इच्छा होत नाही.

उघडते कशी?

ट्रेकिंगच्या सॅक बहुधा वरून उघडतात, त्यामुळे तळातली वस्तू हवी तर सगळं उपसावं लागतं. आमचा पंप असाच अडकला होता. आपल्या कामाला पुढून, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक बरी. वरच्या बाजूला एक लहान कप्पा हवाच. त्यात औषधं, चष्मा, टॉर्च आणि शिट्टी. जड सामान पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. ते तळाला किंवा बाहेरच्या बाजूला गेलं की सॅक मागे ओढते.

कापड आणि चेन

कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ४०० ते ६०० डेनियरचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर आपल्याला भरपूर झालं. आधी बिघडते ती चेन, म्हणून ती जाड आणि दोन स्लायडरची घ्या, एक अडकला तरी दुसरा चालतो. "वॉटरप्रूफ" लिहिलंय म्हणून विसंबू नका, शिवणीतून पाणी झिरपतंच. आत एक जाड, काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला आणि त्यात सामान भरा, हा सह्याद्रीतल्या पावसात शिकलेला स्वस्त उपाय. अंधारात चमकणारी पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर शिवून घ्या.

चाकांची बॅग का नको?

गाडी दारात असेल आणि घर तळमजल्यावर असेल तर चाकांची बॅग चालेल. पाठदुखी असणाऱ्यांना तीच बरी. पण अकरा मजले जिन्याने उतरायचे असतील किंवा बाहेर फूटभर बर्फ असेल तर चाकं कुचकामी. शिवाय एक हात अडकतो. तो हात लेकीसाठी किंवा बाबांसाठी मोकळा हवा.

विकत घेण्याआधी

नवीन सॅकवर शे-दीडशे डॉलर घालवायलाच हवेत असं नाही. आधी कपाट उघडा. कॉन्फरन्समध्ये मिळालेली, कॉलेजातली, मुलांची जुनी, काहीतरी सापडेलच. त्यात दहा पौंडांची तांदळाची पिशवी, म्हणजे साडेचार किलो, टाका. मोठ्यांच्या सॅकमध्ये अशा दोन टाका. ज्याची सॅक त्याच्याच पाठीवर द्या आणि जिन्याने खाली उतरून परत वर या. खांदे रुतले, शिवण कुरकुरली किंवा तोल गेला, तर ती सॅक बाद.

आता आमच्याकडे प्रत्येकाची वेगळी सॅक आहे. ज्याची औषधं त्याच्याच सॅकमध्ये, वरच्या कप्प्यात, प्रिस्क्रिप्शनच्या कॉपीसकट. आई-बाबांच्या सॅकमध्ये पासपोर्ट आणि व्हिजिटर इन्शुरन्सच्या कागदांच्या कॉपी आहेत. बाबांकडे जादा पंप आहे. लेकीच्या सॅकमध्ये तिचा ससा आणि आमचे फोन नंबर लिहिलेला कागद आहे. शिदोरीला चिक्की आणि सुका मेवा!

वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, आम्ही सगळ्या सॅक उघडतो. पाडव्याला लोकरीचे कपडे कमी करतो, दसऱ्याला परत भरतो. औषधांच्या आणि खाण्याच्या तारखा बघतो, लेकीच्या सॅकचे पट्टे सैल करतो. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, त्या रांगेत आता चार-पाच सॅकही असतात. गेल्या दसऱ्याला आईने फोनवरून आधी ते विचारलं, "बाबांच्या सॅकमधला पंप बदललास का रे?"

बदलला होता. तुम्हीही या दसऱ्याची वाट न बघता, येत्या शनिवारी कपाट उघडून बघा.