शास्त्राच्या पेपरातले ॲरिस्टॉटल

परीक्षकाचे काम रुक्ष, असे ज्यांना वाटते त्यांनी शास्त्राच्या उत्तरपत्रिका कधी तपासलेल्या नसाव्यात. गणितात उत्तर चुकले तर ते नुसतेच चुकते. पण शास्त्राच्या पेपरात एखादा मुलगा असा काही चुकतो की, परीक्षकाच्या हातातली लाल पेन्सिल हातातच राहते. माझी पुष्कळ वर्षे या गठ्ठ्यांच्या सहवासात गेली आणि करमणुकीसाठी मला नाटक-सिनेमाला फारसे जावे लागले नाही.

'द्रवणांक म्हणजे काय?' या प्रश्नाला एका चिरंजिवांनी उत्तर दिले, 'द्रव पदार्थांवर काढलेला विशेष अंक.' परीक्षा सहामाही होती आणि दिवाळी तोंडावर आली होती, त्याला तो बिचारा काय करणार! 'उभयचर प्राण्याचे उदाहरण द्या.' 'हिंदमाता भागातील रहिवासी. ते उन्हाळ्यात जमिनीवर व पावसाळ्यात पाण्यात राहतात.' मुंबईकर परीक्षकाला हे उत्तर चूक ठरवणे जड जाते. 'रक्ताभिसरण थांबल्यास काय होईल?' 'घरचे लोक डॉक्टरांना बोलावतील.' यात खोटे काय आहे?

ही झाली फराळाच्या ताटातली शेव-चकली. पण काही उत्तरे हसून झाल्यावरही मनात रेंगाळत राहतात.

'वस्तू खाली का पडते?' एकाने लिहिले, 'दगड जमिनीचा असतो. त्याला घरी जायची ओढ असते. मोठ्या दगडाला जास्त ओढ, म्हणून तो आधी पडतो.' हसलात ना? पण सुमारे 2300 वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने जवळजवळ हेच सांगितले होते आणि मोठमोठे पंडित ते शतकानुशतके मानत आले. पुढे गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून मोजमाप केले, तेव्हा कुठे या समजुतीला धक्का बसला. 1971 मध्ये अपोलो 15 मधील डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले. तेथे अडवायला हवा नव्हती. दोन्ही बरोबरच खाली आली.

दुसरा एक म्हणतो, 'मेंदूचे काम डोके थंड ठेवणे.' हेही ॲरिस्टॉटलचेच मत! विचार हृदयात चालतो आणि मेंदू शरीराची उष्णता कमी करतो, असे तो मानी.

तिसऱ्याचे उत्तर पाहा : 'झाड माती खाऊन मोठे होते.' हा समजही फार जुना. व्हॅन हेल्मॉण्ट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती घेऊन 5 पौंडांचे रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले, माती मात्र दोन औंसच घटली. हा प्रयोग 1648 मध्ये छापून आला. झाड केवळ पाण्यावर वाढले, असा निष्कर्ष त्याने काढला. गंमत अशी की, 'गॅस' हा शब्द ज्याने घडवला, त्याच्याच ध्यानात आले नाही की झाड हवेतल्या एका गॅसवरही पोसले जाते!

आणि हे शेवटचे : 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून शाळेला सुट्टी देतात.' वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे 14.7 कोटी किलोमीटर असते, तर जुलैच्या आरंभी 15.2 कोटी. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. परंतु 1987 च्या एका अमेरिकन चित्रपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात 23 जणांना ऋतूंविषयी किंवा चंद्राच्या कलांविषयी विचारले, तेव्हा 21 जण चुकले होते. त्यांतल्या पुष्कळांनी आमच्या या विद्यार्थ्याचेच उत्तर दिले, फक्त इंग्रजीत.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच उत्तरपत्रिकेची. तिच्यात पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरलेला असतो आणि शेवटी 'आकृती 14 पाहा' असेही लिहिलेले असते. आकृती मात्र कोठेच नाही! या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि दगडाला घराची ओढ लावणाऱ्याला भोपळा. नियमच तसा आहे. परंतु पहिल्याने पाठ केले, दुसऱ्याने विचार केला. त्या भोपळ्यावर घरी टिंगल झाली, की पुढच्या परीक्षेत तोही 'आकृती 14 पाहा' लिहू लागतो, आणि एक विचार करणारे डोके आपण कायमचे गमावतो.

तेव्हा आईबापहो, सुट्टीत चिरंजिवांचे पेपर हाती आले म्हणजे पोटभर हसा. पण नंतर एवढेच विचारा, 'तुला असं का वाटलं रे?' परवाच एका पोराला मी विचारले, 'रॉकेट वर का जाते?' तो म्हणाला, 'शेपटी पेटल्यावर कोण खाली बसेल?' खालून जोराने बाहेर पडणारा वायू रॉकेटला वर ढकलतो. पोराने शेपटी तर अचूक पकडली आहे. तेथून न्यूटनपर्यंत पोहोचवायचे काम आपले.