दात पडल्यावर पुढे काय?

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण तोंडाचे बोळके झालेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. भाकरी दुधात कुस्करावी लागते. शेंगदाणे, काकडी, मोडाची कडधान्ये ताटातून एकेक बाद होतात. उरतो तो चहा-बिस्किट आणि आमटी-भात. 'वय झाले, म्हणून खंगल्या' असे घरचे म्हणतात. पण कारण पुष्कळदा तोंडातच असते.

गेलेल्या दातांच्या जागी नवे दात बसवणे ही दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. बी.डी.एस. झाल्यावर या विषयात तीन वर्षांचे एम.डी.एस. करणाऱ्या डॉक्टरला प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजेच कृत्रिम दंततज्ज्ञ म्हणतात. मी हेच काम करतो. 'म्हणजे तुम्ही कवळ्या बनवता ना?' असे लोक विचारतात. कवळी हा या कामाचा एक भाग झाला.

एक दाढ गेली तर बिघडले काय?

बरेच बिघडते. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ त्या जागेत उतरू लागते, फटींत अन्न अडकून चांगले दात किडतात. जिथला दात गेला तिथले हाडही झिजते आणि ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असते. म्हणून 'सगळे पडले की एकदम कवळी करू' हा हिशेब तोट्याचा आहे. हाड जितके कमी, तितकी कवळी सैल.

उपाय कोणते?

काढता-घालता येणारी कवळी हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय. तिच्यासाठी माप, चावा, मेणातली चाचणी अशा चार-पाच खेपा लागतात, त्याला इलाज नाही. ब्रिजमध्ये शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने पक्का दात बसवतात. तिसरा उपाय इम्प्लांटचा, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करायचा. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. मात्र मधुमेह ताब्यात नसेल किंवा विडी-सिगारेट सुटत नसेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

'अर्ध्या तासात पक्का दात'

बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसून दात लावून देणारे आपण पाहिले असतील. ते शेजारच्या दातांना तार गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा लगदा चिकटवतात. तो दात निघत नाही आणि त्याखाली साफही करता येत नाही. भाजी विकणाऱ्या एका बाईंनी समोरचा एक दात असा लावून घेतला होता. तीन वर्षांनी हिरडी सुजली म्हणून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा शेजारचे तीन चांगले दात हलत होते. तेही काढावे लागले. नोंदणी नसताना दंतवैद्यकाचा व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे.

टाळूला भोक पडते तेव्हा

आमच्या शाखेचे सर्वांत महत्त्वाचे काम फारसे कोणाला ठाऊक नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी वरचा जबडा काढावा लागतो. मग तोंड आणि नाक एक होते. पाणी प्यावे तर नाकातून येते, बोलणे गेंगाणे होऊन समजत नाही. असा एक शेतकरी माझ्याकडे आला, त्याने घरच्यांच्या पंगतीत जेवणेच सोडले होते. त्याला ऑब्च्युरेटर, म्हणजे भोक बंद करणारी खास कवळी बसवली. त्याने पेलाभर पाणी सावकाश प्यायले, नाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, 'कोरडं हाय.'

वाचकहो, घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती होण्याआधीच सर्जनना कृत्रिम दंततज्ज्ञाबद्दल विचारा. आधी माप घेतले असेल तर शस्त्रक्रियेच्या वेळीच तात्पुरती कवळी बसवता येते.

कवळी वापरणाऱ्यांनी हे पाळावे

- रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. हिरड्यांनाही विश्रांती लागते.
- मऊ ब्रश आणि साबणाने धुवावी. उकळते पाणी, राखुंडी, मिश्री वापरू नये.
- धुताना खाली पाण्याचे भांडे ठेवावे; हातून निसटली तरी फुटत नाही.
- बोचणारी कवळी घरी कानशीने घासू नये.
- वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. कवळीखालची किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवावे.

नव्या कवळीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मऊ पदार्थांचे लहान घास दोन्ही बाजूंनी चावावेत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, म्हणजे उच्चार सुधारतात. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. घरातल्या आजी-आजोबांना या आठवड्यात एवढेच विचारा, 'भाकरी चावते का?'