वर्षावासानंतर एकवीस किलोमीटर

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. तेथून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत बारा ते पंधरा आठवडे हाती राहतात. २१.०९७ किलोमीटरच्या अर्ध मॅरेथॉनसाठी मावळातील नोकरदार बंधू-भगिनींना तेवढे पुरतात; पाच किलोमीटर न थांबता धावता आले म्हणजे झाले. नावनोंदणी मात्र वर्षावासातच उरकावी.

आठवड्यात तीनच दिवस धावावे. दोन दिवस थोडे, सोबत्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. रविवारी लांब धाव: सहापासून आरंभ, दर आठवड्यास दीड किलोमीटर वाढ, चौथ्या आठवड्यास उसंत. लोणावळ्याहून मळवली सुमारे आठ किलोमीटर. परत लोकलने यावे. उजाडताच निघावे, नंतर पर्यटकांच्या मोटारी कोणाला जुमानत नाहीत. भगिनींनी दोघी-तिघींनी मिळून जावे. (त्या सकाळचे चहा-पोहे पुरुषांनी करावेत. बाबासाहेबांचा फोटो नुसता भिंतीवर नको!)

६ डिसेंबरला आपण दादरला रांगेत, १ जानेवारीला भीमा कोरेगावला. उभे राहणे हेही पायांना श्रमच. त्या आठवड्यांत लांब धाव निम्मी करावी. बुडालेले अंतर पुढच्या रविवारी भरून काढू नये. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची सवय असलेले आमचे तरुण नेमके तेच करतात, आणि गुडघा धरून बसतात. विनयपिटकात सोण कोळिविसाचे चंक्रमण करता करता पाय रक्ताळले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली: फार ताणलेली नको, फार सैलही नको.

शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यावे. नवे बूट घ्यायचे तर डिसेंबरातच घ्यावेत.