टू-स्ट्रोक स्कूटरची घरगुती जुळवणी

१९७२ साली बजाजची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लुना’ अशी दोन वाहने बाजारात आली, आणि मध्यमवर्गाच्या दारात सायकलीशेजारी एक नवे यंत्र उभे राहिले. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा कारखाना निघाल्यावर तर मराठवाड्याला हे वाहन अगदी घरचेच झाले. सांप्रत टू-स्ट्रोक एंजिनाच्या नव्या स्कूटरी मिळत नाहीत. ‘चेतक’ व ‘लुना’ ही नावेसुद्धा आता विजेच्या गाड्यांनी धारण केली आहेत. तथापि बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावी जुन्या गाड्या अद्याप जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांची जुळवणी घरच्या घरी कशी करावी, याचा आज विचार करू.

प्रथम या एंजिनाचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. त्यात दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालील पेटीत शिरते व तेथून वर सिलिंडरात जाते. या पेटीत तेलाचा निराळा साठा नसतो. पेट्रोलात कालविलेले तेल हेच तिचे वंगण. म्हणून या एंजिनात इंधन आणि वंगण यांची वाट एकच आहे. जुळवणीतील बहुतेक सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

चेतकसारख्या स्कूटरीस लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. इतर गाड्यांस त्यांच्या पुस्तिकेत असेल ते प्रमाण. थोड्या पेट्रोलात तेल आधी नीट कालवावे, मग टाकीत ओतावे. ‘धूर होतो’ म्हणून तेल कमी करणे म्हणजे भाकरी महाग झाली म्हणून उपवास करून मजुरी करणे होय.

दुसरी गोष्ट धुळीची. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात रस्त्याची धूळ पिठासारखी बारीक होते. हवेची जाळी तिने बुजली, तर हवा कमी पडून मिश्रण दाट होते; गाडी काळा धूर सोडते व पेट्रोल अधिक खाते. यावर कित्येकजण जाळीच काढून टाकतात. हा उपाय रोगाहून वाईट. जाळीवाचून मिश्रण पातळ होते, आणि धूळ बेअरिंगांवरून फिरत सिलिंडरात जाऊन त्याचा पृष्ठभाग घासते. धातूची जाळी पेट्रोलात धुऊन, वाळवून, पुन्हा बसवावी.

नंतर प्लग काढून पाहावा. वैद्य जीभ पाहतो, तसा हा प्लग आहे. त्याचे टोक फिकट तपकिरी दिसले, तर मिश्रण योग्य. काळे व ओलसर असेल, तर मिश्रण दाट किंवा तेल जास्त. पांढरे पडले असेल, तर मिश्रण पातळ, आणि या तिहींत हेच अधिक भयावह. टोकातील अंतर साधारण ०.६ मिलिमीटर असावे. जुन्या गाडीस ठिणगीचे पॉइंट असल्यास तेही पुसून त्यांचे अंतर फीलर गेजने मोजावे. हे अंतर वाढले की ठिणगी लवकर पडते, घटले की उशिरा. म्हणून अंदाजाने हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हा खटाटोप नाही.

आता कार्ब्युरेटर. त्यातील जेटची छिद्रे तारेने कोरू नयेत. तार छिद्र मोठे करते. सायकलच्या पंपाने हवा मारावी. मग गाडी दहा मिनिटे चालवून एंजिन गरम करावे, कारण थंड एंजिनावर केलेली जुळवणी टिकत नाही. मिश्रणाचा स्क्रू हलकेच शेवटपर्यंत आवळून दीड फेरा मागे घ्यावा. त्यानंतर पाव-पाव फेरा फिरवीत एंजिनाचा वेग सर्वांत अधिक व सम कोठे होतो ते ऐकावे, आणि तेथून किंचित दाट बाजूस थांबावे. दाट बाजू कोणती? स्क्रू हवेचा असेल, तर आवळल्याने मिश्रण दाट होते. स्क्रू मिश्रणाचाच असेल, तर सैल केल्याने. पुस्तिका पाहून हे आधी ठरवावे. शेवटी दुसऱ्या स्क्रूने मंद वेग बेताचा ठेवावा. मात्र हा स्क्रू केवळ मंद वेगापुरता अंमल चालवितो. भरधाव गाडीस पेट्रोल मोठ्या जेटमधून मिळते.

हे सर्व करूनही रेस सोडल्यावर वेग खाली येत नसेल, तर कोठेतरी पॅकिंगमधून किंवा ऑइल सीलमधून चोरटी हवा शिरते आहे असे समजावे. येथे स्क्रूशी झुंज घेण्यात अर्थ नाही, मिस्त्रीकडे जावे.

सायलेन्सरमधील काजळी वेळोवेळी काढावी. परंतु आवाज मोठा म्हणजे शक्ती मोठी, अशा समजुतीने त्याचे आतले पडदे तोडू नयेत. बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण मागे थोपविण्यास सायलेन्सरातून परतणाऱ्या दाबाचे साहाय्य होते. ते गेले की पेट्रोल व्यर्थ जाते.

एक नवी अडचण इथेनॉलची. उसाच्या तोडीसाठी बीड जिल्ह्यातून दर साल लाखो हात दूरदूर जातात. त्याच उसाच्या रसापासून व मळीपासून केलेले इथेनॉल आज पेट्रोलात मिसळले जाते. २०२५ साली हे प्रमाण शेकडा वीसवर पोहोचले. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू असल्याने तेच जेट आता किंचित पातळ मिश्रण देते. शिवाय ते हवेतील ओल शोषते व काही जुन्या रबरी भागांस मानवत नाही. म्हणून प्लग पांढरा दिसू लागल्यास मोठा जेट एक क्रमांकाने वाढवून घ्यावा, नळी तपासावी, आणि गाडी दीर्घ काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

मिश्रण पातळ असण्याचे इतके भय कशासाठी? मांजरसुंब्याच्या घाटातून बीडकडे उतरताना याचे उत्तर मिळते. उताराला गाडी वेगाने धावते, एंजिन फिरत असते, पण रेस बंद असल्यामुळे पेट्रोल जवळजवळ येत नाही, आणि पेट्रोलाबरोबर येणारे तेलही येत नाही. कोरडा, तापलेला दट्ट्या फुगून सिलिंडरात अडकतो. मागचे चाक एकदम थांबते, आणि मागे बसलेल्या बायकोमुलांसह स्वार रस्त्यावर येतो. म्हणून उतारावर वेग आवरावा, मधून मधून थोडी रेस द्यावी, आणि एंजिन अडखळल्यासारखे वाटताच, गाडीस क्लच असेल तर तो तत्काळ दाबावा.

हे काम नेहमी उघड्या अंगणात करावे. बंद खोलीत एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वास न देता प्राण घेतो, आणि पेट्रोलाची वाफ स्वयंपाकघरातील ज्योतीपर्यंत सहज पोहोचते. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा व गाडी फिरवून पाहावी. असे केल्याने दोष कोठे होता हे कळते. आणि मिस्त्रीकडे जावे लागले, तरी त्याला काय सांगावयाचे हेही कळते.