काळें अक्षर आणि रंगीत पार्श्वभूमि

रंगीत पृष्ठावर छापलेलें काळें अक्षर दिसावयास अगदीं साधें. परंतु तें तेथें कसें येतें, याचा विचार वाचक सहसा करीत नाहीं. एखाद्या दिनदर्शिकेच्या किंवा जाहिरातीच्या रंगीत चौकटींतील बारीक मजकूर भिंगाखालीं धरून पाहावा. कधीं कधीं अक्षराच्या एका बाजूस केंसासारखी पांढरी रेघ दिसते, आणि तिच्यामुळें सगळी ओळ थरथरत असल्याचा भास होतो. ही रेघ कोणीं काढलेली नसते. तो उघडा पडलेला कागद होय.

तो कां उघडा पडतो, हें समजण्यास रंगीत छपाईची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. नेहमींचें रंगीत काम चार शायांनीं होतें : आकाशी झांकेची सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी व काळी. प्रत्येक शाईची प्लेट निराळी. आणि चारी प्लेटांचे ठसे कागदावर नेमके एकाच जागीं पडावे लागतात. ऑफसेट यंत्रांत प्लेट पाण्यानें ओलावलेली असते. त्या ओलाव्यानें कागद किंचित् फुगतो व ताणला जातो. आणि मिलिमीटरचा दहावा भाग इकडचा तिकडे झाला तरी ठसे जुळत नाहींत. कारागीर कितीही कुशल असो, हा फरक पुरता नाहींसा होत नाहीं.

आतां पिवळ्या चौकटींत काळें अक्षर छापावयाचें आहे असें समजूं. एक रीत अशी कीं, पिवळ्या प्लेटवर अक्षराच्या आकाराची जागा कोरी सोडावी व काळ्या शाईनें ती भरावी. यास छापखान्यांत नॉकआउट म्हणतात. ठसा जरा सरकला कीं ही कोरी जागा एका बाजूनें उघडी पडते. तीच आपली पांढरी रेघ. दुसरी रीत ओव्हरप्रिंटची : पिवळा रंग अखंड ठेवावा व काळें अक्षर त्याच जागीं छापावें. मग ठसा सरकला तर अक्षर तेवढें सरकतें; उघडें पडावयास कोरा कागदच उरत नाहीं. आपल्या लिपीस तर हीच रीत मानवते. अनुस्वाराचें टिंब तें केवढें! ‘मंद’ या शब्दांतील टिंब रंगांत हरवलें कीं ‘मद’ उरतो.

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील, काळ्याखालून पिवळा रंग दिसत कसा नाहीं? काळी शाई झांकण घालते, हें उत्तर सुचेल. पण तें पुरतें खरें नाहीं. रंगीत शाया पारदर्शक असतात. प्रकाश त्यांतून कागदापर्यंत जातो व परत येतो. वाटेंत पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा व सायन तांबडा. काळी शाई मात्र जवळजवळ सगळाच शोषून घेते. मग सोबत कोणताही रंग असो, डोळ्यांकडे परत येण्यास प्रकाशच शिल्लक राहत नाहीं. गंमत अशी कीं, पुष्कळ ऑफसेट यंत्रांत काळी शाई सर्वांच्या आधींच कागदावर बसते, तरीही अक्षर काळेंच दिसतें. पिवळ्या अक्षरास ही सोय नाहीं. तें सायनवर छापलें तर हिरवें होतें.

खिळ्यांच्या काळीं हा प्रश्न फारसा पडतच नसे. रंगीत ठोकळा आधीं छापावा, वाळवावा, आणि मग त्यावर काळ्या शाईनें मजकूर छापावा, हाच सोपा मार्ग. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानानें 1885 पासून हिंदुस्थानचीं टपाल तिकिटें संस्थानाचें नांव वर छापून वापरलीं. तिकिटें निरनिराळ्या रंगांचीं होतीं. त्यांवर इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही लिपींतील नांव पुष्कळदां काळ्या शाईनेंच उमटविलेलें आढळतें.

मोठ्या अक्षरांस मात्र हा नियम डोळे मिटून लावूं नये. ठळक शीर्षक अर्धें निळ्या चित्रावर व अर्धें पांढऱ्या कागदावर आलें, तर निळ्यावरचा भाग गर्द व कागदावरचा फिकट दिसतो. एकच अक्षर दुभंगल्यासारखें वाटतें. तेथें सबंध शीर्षकाखालीं सारखा सायन घालावा. बारीक मजकुरास मात्र निव्वळ शंभर टक्के काळी शाईच हवी. चार शाया मिसळून केलेला काळा रंग पडद्यावर छान दिसतो, पण छापतांना ठसे ढळले कीं प्रत्येक अक्षरास रंगीत किनार फुटते.

सर्वांत घातक प्रकार पांढऱ्या अक्षरांचा. समजा, गुणवंत विद्यार्थ्यांचीं नांवें आधीं काळीं होतीं, मागून तीं निळ्या पट्टीवर पांढरीं केलीं आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. या छपाईंत पांढरी शाई नसतेच. पांढरें म्हणजे कोरा कागद. पट्टी अखंड निळी छापली जाते आणि सगळीं नांवें जातात. संगणकाच्या नेहमींच्या दृश्यांत तीं जागच्या जागीं दिसत असतात. म्हणून प्लेट करण्यापूर्वीं ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावून प्रत्येक रंगीत पृष्ठ वाचून पाहावें, आणि नांवें एकेक मोजावींत.