मनुकांचं सरबत फसफसतं तेव्हा

पेणकर आणि रोहेकर ही आडनावं बेने इस्राएलांमध्येही आहेत. रायगडातल्या ज्या गावांत हे ज्यू तेलाचे घाणे चालवत, त्यांचीच नावं त्यांनी लावली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशची प्रार्थना म्हणायची ती द्राक्षरसाच्या पेल्यावर. पण कोकणात द्राक्षं कुठली? मग काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. हे सरबत ताजंच पितात.

ते मुद्दाम ठेवून वाइन करायला जावं, तर विघ्नं सुरू होतात.

कधी फेसच धरत नाही. बहुधा दोष मनुकांचा असतो. पिवळाधमक रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात आणि तो वायू यीस्टला सोसत नाही. काळी मनुका घेतली, फसफसायला लागलं, पण अर्ध्यात थांबलं आणि रस गोडच राहिला, तर तापमान बघावं. आंबताना रस स्वतःही तापतो; त्यात एप्रिल-मे महिन्यांतला पेणचा उकाडा. पस्तीस अंशांपुढे यीस्ट थकतं. बरणीला ओलं गोणपाट गुंडाळणं हा साधा उपाय. सडक्या अंड्याचा वास आला, तर बहुतेक वेळा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. नुसत्या साखरेवर त्याचं भागत नाही.

आंबट झालं, तर मात्र इलाज नाही. जोवर जोरात फसफसतंय तोवर कार्बन डायऑक्साइड हवेला आत येऊ देत नाही. जोर ओसरला की बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी आणि तोंडाला वायू फक्त बाहेर सोडणारी नळी हवी. नाहीतर ॲसिटोबॅक्टर हवेच्या साहाय्याने अल्कोहोलचा व्हिनेगर करतात. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावं.)

बरणीत जिवंत काहीतरी साखर खातंय, हे सांगण्याचा मान सर्रास पाश्चरला दिला जातो. खरं तर १८३७मध्येच थिओडोर श्वानने ते दाखवलं होतं. त्याच सुमारास कान्यार-लातूर आणि क्युत्सिंग हे दोघेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. रसायनशास्त्रातल्या बड्या धेंडांना हे रुचलं नाही. १८३९मध्ये लीबिगच्या नियतकालिकात एक निनावी विडंबन छापून आलं, लीबिग आणि व्होलरच्या करामतीचं. त्यातला यीस्ट-प्राणी दिसायला ऊर्ध्वपातनाच्या भांड्यासारखा. तो साखर गिळतो, गुदद्वारातून अल्कोहोल सोडतो आणि मूत्रमार्गातून कार्बन डायऑक्साइड. मूत्राशय भरलं की आकार शॅम्पेनच्या बाटलीचा! इतकी चावट टवाळी आज कुठलीही संशोधनपत्रिका छापणार नाही.

त्याच वर्षी श्वान जर्मनी सोडून बेल्जियमच्या लूव्हेनला गेला. पाश्चरने १८५७पासून प्रयोगांमागून प्रयोग करून किण्वनाचं सजीवपण पक्कं केलं, त्यात शंका नाही. पण शाळेच्या पुस्तकात श्वान भेटतो तो पेशी सिद्धान्तापुरता; यीस्टच्या धड्यात त्याचं नावही नसतं.