मागच्या चाकातली थोडी हवा

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम गावाभोवतीच्या डोंगरांत दर मे महिन्यात सहा दिवस मोटरसायकलींची एक स्पर्धा चालते. तिथे वेगाला किंमत नसते. ओल्या शिळा, ओढ्यातले गोटे, दलदल आणि उभे चढ यांतून आखलेले छोटे छोटे टप्पे पाय न टेकता पार करायचे, एवढीच अट. पाय एकदा टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन आणि टप्पा पुराच झाला नाही तर पाच. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. १९६५ मध्ये सॅमी मिलरने स्पॅनिश बनावटीच्या बुल्टाको शेर्पावर ही स्पर्धा जिंकली आणि जड ब्रिटिश गाड्यांचा काळ मागे पडला. २००७ ते २०२४ या काळात दरवर्षी जगज्जेता ठरलेला टोनी बू ज्या जातीच्या गाडीवर उभा राहतो, तिचं वजन सत्तर किलोच्या आसपास असतं आणि तिला बसायला सीटही नसते. इंजिन, सस्पेन्शन, क्लच यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. या गाडीची खरी करामत मात्र मागच्या चाकात आहे आणि तिचं सर्वांत चिवट दुखणंही तिथेच आहे.

या चाकात हवा असते साधारण साडेचार पीएसआय. रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या मागच्या टायरमध्ये ती तीसच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की साडेचारचा आकडा चुकून छापला गेला असावा असं वाटेल. तो चुकीचा नाही. चढावर गाडी आणि स्वार मिळून मागच्या चाकावर १०० किलो भार येतो असं धरू. टायरच्या भिंतींचा ताठपणा हिशेबातून वगळला, तर साडेचार पीएसआयला जमिनीला भिडणारा भाग सुमारे ३१५ चौरस सेंटिमीटर भरतो. हवा चौपट केली की तोच ८० च्या आत येतो. एवढ्या कमी हवेवर मऊ रबर दगडाच्या धारेभोवती वळतं, तिला बिलगतं आणि शेवाळावरही पकड मिळते. स्वार गाडी उडवतो तेव्हा आधी तो हाच टायर दाबून घेतो आणि त्याच्या उसळीवर वर जातो. म्हणजे हवेचा दाब हा या गाडीच्या सस्पेन्शनचाच भाग आहे. एक पीएसआय गेला तर रस्त्यावरच्या स्वाराला पत्ताही लागणार नाही, पण इथे साडेचारमधला एक म्हणजे जवळजवळ पावपट सस्पेन्शन गेलेलं असतं. म्हणूनच हे चाक हवा सोडू लागलं की आधी रिमकडे पाहावं, टायरकडे नंतर. आणि कोणताही उपाय साडेचार पीएसआयला टिकतो का, याच कसोटीवर घासावा, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण ट्यूबलेस टायर हवा कशी धरतो यात आहे. टायरच्या जाड कडा, ज्यांना गॅरेजात बीड म्हणतात, रिमच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत बसतात आणि आतली हवाच त्यांना रिमवर दाबून धरते. कुकरमध्ये सुरुवातीला झाकणाच्या कडेने वाफ निसटते आणि आत दाब वाढला की तेच झाकण घट्ट बसतं, तसाच हा प्रकार. तीस पीएसआयला हवा स्वतःच स्वतःची वाट बंद करते. साडेचारला तिच्या हातात तेवढं बळ नसतं. रिमवरचा बारीक ओरखडा, ॲल्युमिनियमवर चढलेली पांढरी पूड, कडेत अडकलेली गवताची एक काडी, यांतलं काहीही पुरतं. शिवाय खेळात चाक सतत आडवं रेटलं जातं. दगडाच्या कडेवरून तिरकं घसरताना बीड क्षणभर रिमवरून सुटतं, हवेचा एक घोट बाहेर जातो आणि त्या फटीत चिखल शिरतो. म्हणून तीस पीएसआयला पाण्यात बुडवून एकही बुडबुडा न दिसलेलं चाक दुसऱ्या दिवशी बसलेलं सापडतं. पंक्चर काढणाऱ्याने कसूर केलेली नसते. त्याने चाक दुसऱ्याच परिस्थितीत तपासलेलं असतं.

यापेक्षा गुंतागुंतीची गोष्ट रिमच्या मधोमध आहे. आपल्याकडे आऱ्यांचं चाक म्हटलं की आत ट्यूब आलीच, असं वर्षानुवर्षं चालत आलं, कारण आऱ्यांसाठी रिमला भोकं पाडावी लागतात आणि भोकातून हवा जाते. ट्रायल्सच्या मागच्या चाकाला आरे हवेतच, कारण आघात सोसण्याचा लवचिकपणा त्यांच्यात आहे; आणि ट्यूब मात्र नको. यातून दोन वाटा निघाल्या. काही रिमांना बाहेरच्या बाजूने मधोमध एक उभी पट्टी ठेवलेली असते आणि आरे तिच्यात अडकतात. हवेच्या कप्प्याला भोकच पडत नाही. दुसऱ्या प्रकारात आऱ्यांची टोकं धरणारे निपल सरळ रिममधून आरपार जातात आणि आतून रिमच्या मधल्या खोलगट भागात जाड रबराची एक पट्टी ताणून बसवलेली असते. सगळी भोकं तिने झाकायची. ही पट्टी जुनी झाल्यावर जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. तिची एखाद्या जागची कड उचलली जाते. हवा तिच्याखाली शिरते, पट्टीखालच्या पोकळीतून चाकभर फिरते आणि ज्या निपलची वाट सर्वांत मोकळी असेल तिथून बाहेर पडते. साबणाच्या पाण्यात बुडबुडे त्या निपलपाशी येतात, पण पट्टीतली फट चाकाच्या पार दुसऱ्या टोकालाही असू शकते. त्या निपलवर बाहेरून गोंद लावला की बुडबुडे थांबतात आणि थोड्या वेळाने शेजारच्या निपलमधून सुरू होतात. दुरुस्त करणारा गळतीच्या मागे गोल गोल फिरत राहतो. बुडबुडे दिसतात ती हवा बाहेर पडण्याची जागा; दुरुस्ती व्हायला हवी ती हवा आत शिरते तिथे.

यावर अनेकांचं म्हणणं असतं की एवढा खटाटोप कशाला, ट्यूब टाका. दमलेल्या माणसाला घरी पोहोचायचं असेल तर ट्यूब टाकावी, यात वाद नाही. पण कायमचा उपाय म्हणून ती गाडीवर अन्याय करते. साडेचार पीएसआयला टायर दगडावर पार रिमपर्यंत दबतो आणि मधली ट्यूब चिमटून फाटते. ते टाळायला हवा वाढवावी, तर ज्यासाठी हा टायर बनवला तेच हातचं जातं. शिवाय कमी हवेवर टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. दुसरा सल्ला म्हणजे टायरमध्ये ओतायचं पातळ सीलंट. काट्याच्या भोकाला ते खरोखर उपयोगी पडतं. पण ते जमतं टायरच्या तळाशी, आणि गळती आहे वर रिमच्या पोटात. चाक आडवं धरून हाताने हलवत राहिलं तर थोडं तिथवर पोहोचतंही, मात्र नंतर टायर उघडून आतून पॅच मारायचा तर तो चिकट थर आधी खरवडावा लागतो. तिसरा सल्ला सर्वांत साधा आणि सर्वांत वजनदार: रोज सकाळी हवा भरा. गळती सावकाश असेल तर हौशी स्वाराचं त्यावर भागतं, हे मान्यच करायला हवं. पण सकाळी साडेचारवर निघालेला स्वार दुपारच्या टप्प्याशी किती हवेवर पोहोचला हे त्याला माहीत नसतं, आणि ज्या चाकाच्या उसळीवर विसंबून तो शिळेवर झेप घेणार ते चाक सकाळचं राहिलेलं नसतं.

आणखी एक आक्षेप खरा आहे: कित्येकदा गळती नसतेच. २० अंश सेल्सियसच्या गॅरेजमध्ये साडेचार पीएसआय भरलेला टायर ५ अंशांच्या पहाटे बाहेर काढला, तर एक थेंबही हवा न जाता काटा साडेतीनवर येतो, कारण वायूचा नियम वातावरणाचा दाब मिळवून एकूण दाबाला लागू होतो. उलट समुद्रसपाटीवरून सहाशे मीटर चढलं की बाहेरचा दाब घटतो आणि काटा जवळजवळ एकाने वर सरकतो. पेट्रोल पंपावरच्या गेजवर हे कळणार नाही. शून्य ते पंधराच्या पट्टीचा गेज लागतो. तो नसेल तर टायर उघडूच नये.

आणि उघडायचा ठरला की खऱ्या अडचणी सुरू होतात. बीड रिमच्या उंचवट्यामागे इतकं घट्ट रुतलेलं असतं की पायाने दाबून सुटत नाही. लिव्हर जोराने मारली तर बीडची पातळ कड फाटते आणि नवीन गळती पदरात पडते. टायर उन्हात ठेवून मऊ केला, भरपूर साबण लावला आणि क्लँपने हळूहळू दाबला तर बरं. मग जुनी पट्टी काढायची. खाली सापडते पांढरी पूड: ओढ्यांचं पाणी आऱ्यांच्या भोकांतून शिरून तिथे महिनोन् महिने मुरलेलं असतं. ती घासताना हात रिमच्या गोलाईच्या दिशेनेच फिरला पाहिजे, कारण आडवा ओरखडा म्हणजे हवेला आयती वाट. पट्टीखाली सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल ॲल्युमिनियम खातं. सिलिकॉन सुकायला पूर्ण एक दिवस द्यावा लागतो आणि घाई इथेच नडते. आऱ्यांचा ताणही पट्टी बसवण्याआधीच पाहून घ्यावा, कारण नंतर निपल फिरवला की त्याचं डोकं पट्टीला उचलू शकतं. व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर कडक झालं असेल तर तेही त्याच वेळी बदलावं.

टायर परत बसवणं हा सर्वांत जिकिरीचा भाग. भिंती इतक्या लुळ्या असतात की बीड रिमला टेकतच नाही, आणि पंपाची हवा दोन्ही कडांनी निघून जाते. म्हणून टायरच्या मधोमध पट्टा आवळतात, म्हणजे कडा बाहेर ढकलल्या जातात. व्हॉल्व्हची सुई काढून कंप्रेसरची हवा एकदम सोडतात. बीड जागेवर बसताना दोनदा ठक्क आवाज येतो. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही आणि त्या वेळी बोटं कडेपासून लांब ठेवायची. घाव घालण्याइतकी ताकद त्या हवेत असते. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, हेही पाहावं लागतं. त्यानंतर एक तपासणी वीस पीएसआयला आणि दुसरी, जी बहुतेक जण वगळतात, साडेचारला, रात्रभर, तापमान लिहून ठेवून. आकडा टिकला नाही तर बीडच्या खोबणीत इतके खोल खड्डे पडलेले असू शकतात की कितीही घासून ते जात नाहीत. तेव्हा रिमच बदलावी लागते, आणि जुन्या गाडीसाठी त्याच घडणीची रिम व तिला नेमकी बसणारी पट्टी मिळवणं हे टायर बसवण्याहून लांबलचक काम आहे. पट्टी दर नव्या टायरसोबत बदलली आणि भोकांतलं पाणी वेळेवर सुकवलं, तर तिथवर जाण्याची पाळी बरीच उशिरा येते.